अमेरिकेतला एचआरए: कोणतं बिल पास होतं आणि कोणतं परत येतं

भारतात नोकरी केलेल्या माणसाला एचआरए म्हटलं की घरभाडे भत्ता आठवतो. अमेरिकेतल्या ऑफर लेटरमध्ये हीच तीन अक्षरं दिसली तर घरभाड्याशी त्यांचा काही संबंध नाही. इथला एचआरए म्हणजे हेल्थ रिइम्बर्समेंट अरेंजमेंट. कंपनी दरवर्षी तुमच्या दवाखान्याच्या खर्चासाठी एक रक्कम ठरवते. खर्च झाला की तुम्ही कागद दाखवता, कंपनी पैसे परत करते आणि त्या पैशांवर तुम्हाला आयकर लागत नाही. विमा वेगळा, एचआरए वेगळा. विमा भरून उरलेला तुमच्या वाट्याचा खर्च उचलण्यासाठी बहुतेक कंपन्या तो ठेवतात.

पोर्टलवर 'शिल्लक १,५०० डॉलर' असं दिसतं, म्हणून लोक त्याला खातं समजतात. बहुतेक कंपन्यांत तुमच्या नावावर असे पैसे कुठेही ठेवलेले नसतात. तो हिशेबातला आकडा असतो, आणि तुमचा क्लेम मंजूर झाला की कंपनी तेवढी रक्कम देते. त्यात तुमच्या पगारातून एक सेंटही कापून टाकता येत नाही. पगारातून पैसे जात असतील तर ते एफएसए किंवा एचएसए (दवाखान्याच्या खर्चासाठी स्वतःचे पैसे बाजूला ठेवायची करसवलतीची खाती) आहे आणि त्यांचे नियम निराळे.

क्लेम परत आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'डॉक्टरने सांगितलं होतं, मग का नाही?' डॉक्टरने सांगणं ही त्यातली एकच बाजू झाली. बिल पास होण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात: खर्च कशासाठी, कोणासाठी, कोणत्या तारखेचा, आणि तुमच्या कंपनीने तो यादीत घेतला आहे का. नाकारलेल्या क्लेमची कारणं पाहिली तर उपचाराच्या प्रकारापेक्षा तारीख आणि कागदच जास्त वेळा आडवे येतात.

कायद्याची यादी आणि कंपनीची यादी

बाहेरची हद्द अमेरिकेच्या आयकर कायद्याच्या २१३(डी) या कलमाने आखलेली आहे. रोगाचं निदान, उपचार, वेदना कमी करणं, रोग होऊ न देणं, किंवा शरीराच्या एखाद्या भागावर वा कार्यावर परिणाम घडवणं यासाठीचा खर्च म्हणजे वैद्यकीय खर्च. आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याचं, 'पब्लिकेशन ५०२' या खर्चांची वर्णानुक्रमे यादी देतं आणि सगळे तिचाच आधार घेतात. पण ते पुस्तक वैयक्तिक आयकरातल्या वजावटीसाठी लिहिलेलं आहे, एचआरएसाठी नाही. म्हणून त्यात चिठ्ठीशिवाय घेतलेली औषधं चालत नाहीत असंच वाचायला मिळतं. वजावटीसाठी ते खरंही आहे. एचआरएच्या बाबतीत मात्र २०२० च्या मार्चमधल्या केअर्स कायद्याने हे बदललं. १ जानेवारी २०२० पासूनच्या खर्चासाठी तापाच्या, सर्दीच्या, ॲलर्जीच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय चालतात. सॅनिटरी पॅड, टॅम्पॉन, मेन्स्ट्रुअल कपही चालतात. २०११ ते २०१९ या काळात अशा औषधांना चिठ्ठी लागायची, त्यामुळे जुने सहकारी अजूनही तोच सल्ला देतात.

कायद्याच्या या हद्दीच्या आत कंपनी आपली छोटी हद्द आखू शकते, आणि बहुतेक कंपन्या आखतातच. कुठे एचआरए फक्त डिडक्टिबलसाठी (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षाला तुम्ही स्वतः भरायची रक्कम) असतो, कुठे फक्त दात आणि डोळ्यांसाठी, कुठे औषधं वगळून. म्हणून इंटरनेटवरच्या 'एचआरएमध्ये चालणाऱ्या २०० गोष्टी' अशा यादीवर विसंबून चष्मा घेऊ नका. एचआरकडे 'समरी प्लॅन डिस्क्रिप्शन', म्हणजे योजनेची पुस्तिका, मागा. त्यात 'एलिजिबल एक्स्पेन्सेस' हा परिच्छेद असतो आणि तुमच्यासाठी शेवटचा शब्द त्याचा.

एक नमुना पाहा. वार्षिक डिडक्टिबल ३,००० डॉलर. कंपनीचा नियम असा, की पहिले १,००० कर्मचाऱ्याने भरायचे आणि पुढचे २,००० एचआरए देईल. तुमच्या एमआरआयचं बिल १,८०० डॉलर येतं. नेटवर्कचा, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या दवाखान्यांचा, ठरलेला दर १,२०० आहे, त्यामुळे विमा कंपनीच्या ईओबीवर, म्हणजे 'एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स' या कागदावर, तुमचा वाटा १,२०० दिसतो. वर्षातला हा पहिलाच खर्च असेल तर १,००० तुमचे आणि एचआरएकडून मिळतात २००. लोक १,८०० चं बिल जोडतात, ८०० ची अपेक्षा धरतात आणि मग रागावतात. हिशेब नेहमी ईओबीवरच्या 'पेशंट रिस्पॉन्सिबिलिटी' या आकड्यापासून सुरू होतो.

सरळ चालणारं आणि सरळ न चालणारं

डॉक्टरची फी, कोपे (दर भेटीला तुम्ही भरायची ठरलेली रक्कम), डिडक्टिबल, रक्ततपासणी, एक्सरे, शस्त्रक्रिया, चिठ्ठीवरची औषधं, इन्सुलिन, दातांचं फिलिंग, रूट कॅनॉल, तारा, नंबरचा चष्मा आणि नंबरचा गॉगल, कॉन्टॅक्ट लेन्स व त्यांचं पाणी, डोळ्यांची लेसर शस्त्रक्रिया, श्रवणयंत्र, फिजिओथेरपी, ॲक्युपंक्चर, मानसोपचार, आयव्हीएफ, ब्रेस्ट पंप, रक्तदाब मोजायचं यंत्र. कंपनीने वगळलं नसेल तर यावर वाद होत नाही.

दात पांढरे करून घेणं, केसांचं रोपण, निव्वळ दिसण्यासाठीची प्लास्टिक सर्जरी, टूथपेस्ट, गरोदरपणातले कपडे, मुलांची पोहण्याची शिकवणी, धडधाकट बाळ सांभाळण्यासाठी ठेवलेली बाई, यातलं काहीही चालत नाही. बाळंतिणीसाठी मागवलेले डिंकाचे लाडूही नाहीत, मग आजी काहीही म्हणो.

गाडीने डॉक्टरकडे जाण्या-येण्याचा खर्चही कायद्यात बसतो. २०२५ साठी दर मैलाला २१ सेंट, शिवाय पार्किंग आणि टोल. उपचारासाठी दुसऱ्या गावी राहावं लागलं तर मुक्कामाचे दर रात्री दर माणशी ५० डॉलरपर्यंत. बऱ्याच कंपन्या हे घेत नाहीत, पण घेत असतील तर आठवड्याला तीन वेळा डायलिसिसला जाणाऱ्यासाठी वर्षाची रक्कम बरीच भरते.

मधली जात: औषध की आरोग्य?

खरा घोळ होतो तो ज्या गोष्टी निरोगी माणूसही घेतो आणि आजारीही, त्यांच्यात. जीवनसत्त्वाच्या गोळ्या, जिम, योगवर्ग, मसाज, वजन उतरवण्याचे कार्यक्रम, खास आहार. कायदा विचारतो, हा खर्च निदान झालेल्या विशिष्ट आजारासाठी आहे की एकंदर तब्येत छान राहावी म्हणून? दुसऱ्या कारणासाठी असेल तर नाही, तो कितीही हिताचा असला तरी. डॉक्टरने लठ्ठपणा, मधुमेह किंवा उच्च रक्तदाबाचं निदान करून वजन कमी करायला सांगितलं तर त्या कार्यक्रमाची फी चालते. लग्नात बारीक दिसायचं म्हणून लावलेला तोच कार्यक्रम चालत नाही.

आपल्या घरांतला प्रश्न आयुर्वेदाचा. च्यवनप्राश, अश्वगंधा, त्रिफळा हे अमेरिकेच्या लेखी पूरक आहार किंवा वनस्पतिजन्य पदार्थ आहेत, आणि ते आपोआप कधीच पास होत नाहीत. निदान डॉक्टरने केलेलं असावं, त्या आजारावरचा उपचार म्हणून हे घ्यायला वैद्यकीय व्यावसायिकाने सांगितलेलं असावं, आणि ते कागदावर असावं. आराम वाटावा म्हणून केलेलं अभ्यंग बसत नाही. सांधेदुखीचं निदान, त्यावरचा ठरावीक उपचार आणि सोबत डॉक्टरचं पत्र असेल तर क्लेम टाकायला हरकत नाही, पण आधी तुमच्या कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या कंपनीला विचारून.

त्या पत्राचं नाव 'लेटर ऑफ मेडिकल नेसेसिटी'. त्यात रुग्णाचं नाव, निदान, नेमका उपचार, त्याने त्या आजाराला काय फरक पडेल, किती दिवस लागेल, आणि डॉक्टरची सही व तारीख असावी. 'पेशंटला व्यायामाचा फायदा होईल' एवढंच लिहिलेलं पत्र परत येतं. पत्राची तारीख खर्चाच्या आधीची असावी. बऱ्याच ठिकाणी ते वर्षभरच धरलं जातं, म्हणजे पुढच्या वर्षी नवं.

हे पत्र घरबसल्या मिळवून देणाऱ्या सेवा अलीकडे फोफावल्या आहेत: एक प्रश्नावली भरा, थोडे पैसे द्या, किराणा आणि जिम दोन्ही 'वैद्यकीय' करून घ्या. मार्च २०२४ मध्ये आयआरएसने जाहीर इशारा दिला, की अशा चिठ्ठ्यांनी साधं अन्न आणि तंदुरुस्तीचा खर्च वैद्यकीय ठरत नाही. आहाराचा नियम तर फार कडक आहे. तो आहार नेहमीचं पोषण भागवणारा नसावा, आजारावर उपाय म्हणून असावा, आणि त्याची गरज डॉक्टरने दाखवून द्यावी. भाकरी ही भाकरीच राहते, मधुमेह्याने खाल्ली तरी.

कोणाचा खर्च

तुमचा स्वतःचा, पती किंवा पत्नीचा, आणि ज्या वर्षी मूल २६ पूर्ण करतं त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत त्या मुलाचा. मूल तुमच्यावर अवलंबून असलंच पाहिजे असं इथे नाही. ते कमावतं असो, विवाहित असो, कायद्याला चालतं. कंपनीच्या गट विम्याला जोडलेल्या एचआरएत एक खोच आहे. तुम्ही विमा फक्त स्वतःपुरता घेतला आणि पत्नी कुठल्याच गट विम्यात नाही, तर तिचं बिल हा एचआरए देऊ शकत नाही. जानेवारीत प्रिमियम वाचवला म्हणून खूश झालेल्यांना हे एप्रिलमध्ये कळतं.

आता आई-वडील. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना छातीत दुखलं, इमर्जन्सीत नेलं, बिल आलं. एचआरए देईल का? जवळपास नेहमीच उत्तर नाही असतं. आई-वडील तुमच्यावर आयकराच्या अर्थाने अवलंबून असावे लागतात. त्यासाठी त्यांच्या निम्म्याहून अधिक खर्चाचा भार तुम्ही उचललेला असावा, आणि ते अमेरिकेचे नागरिक किंवा अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोचे रहिवासी असावेत. पर्यटक व्हिसावर आलेले किंवा पुण्यात राहणारे आई-वडील यात सहसा बसत नाहीत, तुम्ही दरमहा कितीही पैसे पाठवत असलात तरी. त्यांच्यासाठी घेतलेल्या व्हिजिटर इन्शुरन्सचा प्रिमियमही त्याच कारणाने बाद. ग्रीन कार्डवर कायमचे तुमच्याकडे राहायला आलेल्या आईची गोष्ट वेगळी. तिला भारतातून थोडी पेन्शन येत असली तरी वैद्यकीय खर्चापुरती उत्पन्नाची मर्यादा पाहत नाहीत, निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही करता हे मात्र दाखवता आलं पाहिजे. गट विम्याची अट तिलाही लागू आहे, आणि कंपनीचा विमा आई-वडिलांना घेतच नसेल तर गाडी तिथेच अडते.

सुट्टीत भारतात केलेला खर्च

डिसेंबरात घरी गेल्यावर रूट कॅनॉल, नवा चष्मा, संपूर्ण तपासणी उरकून घेणारे खूप आहेत, आणि ते शहाणपणाचंही आहे. उपचार अमेरिकेबाहेर झाला म्हणून तो अपात्र होत नाही. तो दोन्हीकडे कायदेशीर असावा एवढंच. औषधांचं मात्र निराळं आहे. नाशिकमध्ये चिठ्ठीवर घेतलेलं आणि तिथेच संपवलेलं औषध चालतं, जर ते दोन्ही देशांत कायदेशीर असेल. तेच औषध सहा महिन्यांचं बॅगेत भरून आणलं, किंवा कुरिअरने मागवलं, तर सर्वसाधारण नियमाने चालत नाही. सुट्टीच्या प्रवासाचं विमानभाडंही नाही, दात काढायचा होता म्हणून सांगितलंत तरी.

अडतं ते बिलावर. दवाखान्याची छापील पावती घ्या. तिच्यावर डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, उपचाराची तारीख, काय केलं आणि किती रुपये हे सगळं हवं. चिठ्ठीच्या मागे लिहिलेलं '८०००/- मिळाले' उपयोगाचं नाही. बिल मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा, आणि त्या दिवशीचा रुपया-डॉलर दर छापून जोडा. दाताच्या डॉक्टरकडून दाताचा क्रमांक आणि काम इंग्रजीत लिहून आणणं तिथे पाच मिनिटांचं काम आहे. परत आल्यावर फोनवरून मागवायला महिना जातो.

तारीख

खर्च कधी 'झाला' हे उपचाराच्या दिवसावर ठरतं. बिल कधी आलं, पैसे कधी भरले, याला महत्त्व नाही. २८ डिसेंबरला शस्त्रक्रिया, बिल फेब्रुवारीत भरलं, तर तो आधीच्या वर्षाच्या रकमेतला खर्च. १५ मार्चला एचआरए लागू झाला आणि १० मार्चला दात काढला, तर तो खर्च कधीच पात्र होणार नाही.

याचा सगळ्यात मोठा फटका गरोदरपणात बसतो. बरेच दवाखाने बाळंतपणाची एकत्रित फी सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत आगाऊ भरून घेतात. पैसे गेले, पावती आहे, पण सेवा अजून झालेली नाही, म्हणून क्लेम परत येतो. बाळंतपण झाल्यावर आलेल्या ईओबीसह तो पुन्हा टाकायचा. दातांच्या तारा वर्ष-दोन वर्षं चालतात, तिथे अनेक योजना करारपत्र आणि मासिक हप्त्यावर पैसे देतात; तो करार पहिल्याच क्लेमसोबत पाठवावा.

कागद

ईओबी असेल तर दुसरं काही लागत नाही, सगळी माहिती त्याच्यावर असते. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट चालत नाही, कारण त्यावर काय उपचार झाला ते नसतं. 'मागील बाकी २४० डॉलर' असं लिहिलेलं बिलही चालत नाही, कारण ती बाकी कोणत्या तारखेची ते कळत नाही. फार्मसीत गल्ल्यावरच्या पावतीऐवजी औषधाच्या पिशवीला लावलेलं लेबल जपून ठेवा: त्यावर औषधाचं नाव, रुग्णाचं नाव आणि तारीख असते. कंपनीने डेबिट कार्ड दिलं असेल आणि ते दुकानात चाललं, म्हणजे क्लेम मंजूर झाला असं नाही. नंतर कागद मागवले जातात, न दिल्यास कार्ड बंद होतं आणि ती रक्कम परत भरावी लागते.

तपासणारी कंपनी इतकी चिकट का, याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधू नका. एखादी एचआरए योजना वैद्यकीय नसलेल्या गोष्टीसाठी रोख देऊ लागली, तर आयआरएसच्या २००५ च्या निर्णयानुसार त्या योजनेतून कोणालाही दिलेली सगळी रक्कम करपात्र ठरू शकते, खऱ्याखुऱ्या ऑपरेशनसाठी दिलेलीसुद्धा. तुमची ४० डॉलरची पावती सोडून देणं म्हणजे सगळ्या सहकाऱ्यांची करमाफी पणाला लावणं.

एकच खर्च दोन ठिकाणी दाखवता येत नाही. एचआरएने दिलेलं बिल एफएसए, एचएसए किंवा आयकरातल्या वजावटीत पुन्हा घालायचं नाही. पत्नीच्या पगारातून विम्याचा प्रिमियम करापूर्वी कापला जात असेल तर तोही एचआरएत नाही. शिवाय सगळे खर्च उचलणारा साधा एचआरए असेल तर त्या काळात तुम्ही एचएसएत पैसे टाकू शकत नाही. पत्नीचा एचआरए तुमचीही बिलं देत असेल तर तुमचाही एचएसएचा हक्क जातो, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. फक्त दात-डोळ्यांपुरता मर्यादित एचआरए असेल तर अडचण नाही.

प्रिमियमचा नियम प्रकारानुसार बदलतो. २०२० पासून आलेला आयसीएचआरए वैयक्तिक विम्याचा प्रिमियम देतो आणि त्याला कायद्याने वरची मर्यादा नाही. पण तो घेतला तर मार्केटप्लेसवरचं, म्हणजे वैयक्तिक विम्याच्या सरकारी बाजारातलं, अनुदान सोडावं लागतं. ५० पेक्षा कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या कंपन्यांचा क्यूएसईएचआरए २०२५ साठी एकट्याला ६,३५० आणि कुटुंबाला १२,८०० डॉलरपर्यंत. 'एक्सेप्टेड बेनिफिट' (म्हणजे मुख्य विम्याच्या नियमांतून वगळलेला लाभ) प्रकारात २०२५ ची मर्यादा २,१५० डॉलर, आणि त्यातून मुख्य आरोग्य विम्याचा प्रिमियम देता येत नाही. दात, डोळे किंवा कोब्राचा (नोकरी सुटल्यावर कंपनीचा विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय) चालतो.

क्लेम नाकारला तर

आधी कारणाचा कोड वाचा. 'इन्सफिशियंट डॉक्युमेंटेशन' असेल तर अपील करत बसू नका, योग्य कागद जोडून पुन्हा पाठवा. 'नॉट एलिजिबल' असेल तर योजनेच्या पुस्तिकेतलं नेमकं कलम लेखी मागा. खासगी कंपन्यांच्या योजनांना एरिसा हा कर्मचारी-लाभ योजनांचा कायदा लागू असतो. झालेल्या उपचाराच्या क्लेमवर ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, कारण सांगून आणखी १५ दिवस घेता येतात. नकार आल्यापासून अपिलाला तुम्हाला किमान १८० दिवस मिळतात आणि अपिलावर ६० दिवसांत उत्तर यावं लागतं.

नोकरी सुटली तर एचआरएची शिल्लक सहसा कंपनीकडेच राहते, एचएसएसारखी सोबत येत नाही. शेवटच्या दिवसापर्यंतच्या उपचाराचे क्लेम टाकायला काही मुदत मिळते, बरेचदा ९० दिवस, पण ती कंपनीनुसार कमी-जास्त असते. ले-ऑफच्या धावपळीत व्हिसाचे कागद आधी हातात घेतले जातात आणि पोर्टलचं लॉगिन ऑफिसच्या ईमेलला जोडलेलं असल्याने बंद पडतं. म्हणून ईमेल आजच वैयक्तिक करून ठेवा आणि ईओबी उतरवून घ्या. २० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत एचआरएलाही कोब्रा लागू असतो, त्याची निवड करायला ६० दिवस असतात. शिल्लक मोठी असेल आणि शस्त्रक्रिया तोंडावर असेल, तर त्या महिन्यांचा कोब्राचा हप्ता भरून ती वापरणं परवडतं का, याचा हिशेब मांडून पाहा.